एका नावाचे दोन उमेदवार

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने विधानसभेची निवडणूक लढवली, ही हकीकत आमच्या घरात आजही दोन प्रकारे सांगितली जाते. भाऊजी सांगतात तेव्हा ती मानाची असते. ताई सांगते तेव्हा ती फुलकोबीची असते. मी तेव्हा दोघांच्याही मधे अडकलो होतो, म्हणून मला ती पुरती सांगता येते.

आमचा मतदारसंघ लांबच लांब आहे. एका टोकाला धानाचे बांध आणि राइस मिल, दुसऱ्या टोकाला जंगल, आणि मधे एक नदी, जिच्यावरचा पूल दर निवडणुकीत मंजूर होतो. तालुक्याच्या गावात मी दहावी-बारावीच्या पोरांची शिकवणी घ्यायचो. शिकवणी संपली की भाऊजींच्या गोदामात जाऊन बसायचो. भाऊजींचं बिछायत केंद्र होतं. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज, पराती, लाऊडस्पीकर, सगळं भाड्याने. लग्न असो, तेरवी असो, विहारातला कार्यक्रम असो की प्रचाराची सभा, माल भाऊजींचाच.

या मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास मला भाऊजींनीच शिकवला आणि तो सगळा बसण्याच्या सोयीवर आधारलेला होता. त्यांच्या वडिलांच्या काळात लोक जमिनीवर बसायचे आणि उमेदवार लाकडी तख्तपोसावर. तेव्हा एकच पक्ष निवडून येई, कारण सतरंजी त्याच पक्षाजवळ होती. मग लोखंडी घडीच्या खुर्च्या आल्या, त्यात लोकांची बोटं चेपली आणि पहिल्यांदा सत्तापालट झाला. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, त्या एकावर एक रचता येत, तेव्हापासून पक्षात बंडखोर वाढले. स्टेजवर सोफा आला तेव्हापासून भाषणं लांबली, कारण सोफ्यावरून उठलेला माणूस लवकर परत बसत नाही.

एवढा अभ्यास असून भाऊजींचा अंदाज मात्र दरवेळी चुकायचा. ज्याच्या सभेत खुर्च्या भरल्या तो येणार, असं ते छातीठोकपणे सांगत आणि तो हटकून पडायचा. सगळ्यांच्या सभांना येऊन बसणारी माणसं तीच असत, हे त्यांच्या लक्षात येत नसे. मी एकदा सांगून पाहिलं.

"तुले काय समजते राजकारणातलं?" ते म्हणाले. "तू जा, व्याकरण शिकव."

आता नावाचं सांगतो. भाऊजींचं नाव आणि आडनाव आमच्या आमदारांसारखंच होतं. अगदी तंतोतंत. मधलं वडिलांचं नाव तेवढं वेगळं. आमदार पहिल्यांदा निवडून आले त्या दिवशी आमच्याकडे ओळखीपाळखीच्या लोकांनी गमतीने हार आणले आणि भाऊजींनी ते गंभीरपणे घालून घेतले. पुढे त्यांना त्या नावाची सवयच झाली. नाक्यावर पोलिसाने गाडी अडवून नाव विचारलं की भाऊजी ते सावकाश सांगत आणि पोलिसाच्या चेहऱ्याकडे पाहत राहत. कोरपन्याकडच्या एका सोयऱ्याने तर बदलीचं काम घेऊन थेट आमच्या घरी मुक्काम ठोकला होता. तो आपल्याला आमदार समजतो आहे हे कळूनही भाऊजींनी त्याला दोन दिवस ठेवून घेतलं आणि "पाहू, बोलतो" असं सांगून परत पाठवलं. ताई म्हणाली, "खरा आमदारही असाच बोलते."

म्हणजे भाऊजींचं आणि आमदारांचं भांडण असं काही नव्हतं. ते झालं एका सभेमुळे. आमदारांच्या सभेत कार्यकर्ते खुर्च्यांवर उभे राहून नाचले आणि बऱ्याच खुर्च्यांचे पाय गेले. भाऊजी तक्रार घेऊन आमदारांच्या बंगल्यावर गेले. आमदार बाहेरगावी होते. त्यांचा स्वीय सहायक म्हणून एक तरुण माणूस होता, त्याने नाव विचारलं. भाऊजींनी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "साहेबाचं नाव लावून कायले फिरून राह्यले तुम्ही? बदलवून टाका ना. एका मतदारसंघात एका नावाचे दोन माणसं पाह्यजे कायले?"

भाऊजी घरी आले ते बूट न काढता आत गेले. जेवले नाहीत. ताईने विचारलं तर म्हणाले, "मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा आहो. नाव पहिले माझं ठेवलं."

ही बातमी कुणी पोचवली माहीत नाही, पण निवडणूक लागली आणि दुसऱ्या पक्षाची तीन माणसं पेढ्यांचा डबा घेऊन गोदामात आली. भाऊजींनी त्यांच्यासाठी तीन खुर्च्या मांडल्या, फडक्याने पुसून.

"भाऊ, तुम्ही फक्त फॉर्म भरा," त्यातला जाडा माणूस म्हणाला. "सूचक आम्ही आणतो. बाकी काही करायचं नाई. घरी बसा."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनवर तेच नाव दोनदा येते. लोकं गोंधळतात. त्याचे मतं फुटतात."

भाऊजींनी डब्यातला एक पेढा उचलला. मग म्हणाले, "आन् मी निवडून आलो त?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जाडा माणूस म्हणाला, "त मंग चांगलंच आहे."

फॉर्म भरायला आम्ही मिरवणुकीने गेलो. मिरवणुकीत भाऊजी, मी, मंडप बांधणारे चौघे आणि पेढेवाले तिघे लांबून, ओळख न दाखवता. छाननीत अर्ज टिकला. त्याच दिवशी सगळ्या गावाला कळलं आणि दुसऱ्या सकाळी आमदार स्वतः घरी आले.

ताईने पोहे केले. आमदार प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, भाऊजी समोरच्या खुर्चीत. दोघांनीही मिशा काळ्या केलेल्या, दोघांचेही पांढरे कुर्ते. आमदारांनी भाऊजींना नावाने हाक मारली, भाऊजींनी आमदारांना नावाने हाक मारली आणि मग दोघेही जरा अवघडले.

"बंगल्यावरच्या पोराची चूक झाली," आमदार म्हणाले. "मी त्याले बोललो. पण तुम्ही काऊन त्या लोकांच्या नादी लागून राह्यले? माघार घ्या."

"तुम्ही घ्या की," भाऊजी म्हणाले.

आमदार हसले. माणूस तसा वाईट नव्हता. त्यांनी खुर्च्यांची भरपाई देतो म्हटलं, पुढे सरकारी कार्यक्रमांचे मंडपही तुमचेच म्हटलं. मी भाऊजींचा चेहरा पाहत होतो. तो सैल पडत चालला होता. सरकारी मंडपाला किती कनात लागेल याचा हिशेब डोळ्यात दिसू लागला होता. अजून एक कप चहा झाला असता तर माघार नक्की होती. पण आमदार उठले आणि जाता जाता दारातून ताईला म्हणाले, "बाई, तुम्ही समजवा ह्याले. ह्याले काही समजत नाई."

ताई भांडी आवरत होती. तिने हातातली बशी खाली ठेवली.

"ह्याले?" ती म्हणाली.

आमदारांना काय झालं ते कळलं नाही. ते गाडीत बसून गेले. ताई भाऊजींकडे वळली. "अजी, ऐका. माघार घ्याची नाई."

"पण सरकारी मंडप..."

"नाई म्हणजे नाई."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ताई भाऊजींना स्वतः काय काय म्हणायची त्याची मोजदाद नव्हती. बाहेरच्या माणसाने मात्र "अहो" सोडून चालणार नव्हतं.

मग चिन्ह. भाऊजींनी पंखा मागितला होता, कारण पंखे त्यांच्या गोदामात होते. दुसरी पसंती खाट, तीही होती. दोन्ही दुसऱ्यांना गेली आणि यादीत उरलेल्यांतून त्यांना मिळाली फुलकोबी. कागद हातात घेऊन ते कचेरीच्या पायऱ्यांवर कितीतरी वेळ उभे होते. "आपल्याकडे फुलकोबी खाते कोण?" ते म्हणाले. ते खरंच होतं. आमच्या भागात तेव्हा वाल, वांगी, फार तर मोहाची फुलं, आणि भात. ताईला तर फुलकोबीचा वासही चालत नसे. पण पेढेवाले खूश होते. पुन्हा बजावून गेले, "भाऊ, आता शांत बसा. प्रचार अजिबात नाई."

शांत बसणं भाऊजींना जमणारं नव्हतं. सगळ्यांच्या प्रचाराचं सामान आयुष्यभर वाहिलेला माणूस, स्वतःच्या वेळी गप्प कसा बसेल? टेम्पो त्यांचा, भोंगे त्यांचे, खुर्च्या त्यांच्या. लागणार होता फक्त बोलणारा, तो मी होतो. त्यांनी फुलकोबीचं चित्र असलेले स्टिकर छापून आणले आणि सगळ्या खुर्च्यांच्या पाठींवर चिकटवले. तिथे आधीच पांढऱ्या रंगाने त्यांचं नाव आणि खाली बारीक अक्षरात 'बिछायत केंद्र' लिहिलेलं होतं.

पहिल्याच दिवशी अडचण कळली. मी भोंग्यावरून भाऊजींच्या नावाचा जयघोष केला, की चौकातले लोक म्हणत, "आमदारसाहेबाची गाडी आली." म्हणजे आमच्या डिझेलवर प्रचार त्यांचा. तिकडे आमदारांच्या लोकांचंही तेच दुखणं होतं. त्यांनी नाव घेतलं की कोणीतरी हमखास ओरडायचा, "फुलकोबीवाले का?" दोनचार दिवसांत त्यांनी भोंग्यावरून नाव घेणं बंद केलं आणि 'आपले लाडके साहेब' एवढंच म्हणू लागले. मीही नाव सोडलं आणि 'आपले फुलकोबीवाले भाऊ' वर आलो. मशीनवर दोनदा छापलेलं ते नाव मतदानापर्यंत उभ्या मतदारसंघात कोणी उच्चारलं नाही.

दुसरी अडचण भरारी पथकाने आणली. जंगलाकडच्या रस्त्यावर त्यांनी टेम्पो थांबवला. पथकाचा अधिकारी सभ्य माणूस होता, बोलायला गोड.

"या खुर्च्या कोणाच्या?"

"माझ्या."

"भाडं किती दिलं?"

"साहेब, माझ्याच आहेत म्हणतो ना. मी मले भाडं देऊ का?"

"नियमाप्रमाणे प्रचारात वापरलेल्या खुर्चीचं भाडं उमेदवाराच्या खर्चात धरावं लागतं. दर ठरलेला आहे."

दर ऐकून भाऊजी टेम्पोला टेकले. ते इतकी वर्षं लोकांना ज्या भावात खुर्ची देत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. त्यांना राग आला तो आपल्यावरच. "इतके दिवस मी सस्त्यात देऊन राह्यलो," ते वाटेत सारखं म्हणत होते. त्या दिवशीच्या सभेत मग त्यांनी खुर्च्या उतरवल्याच नाहीत. लोक पाराभोवती मातीत बसले.

ते गाव जंगलातलं, गोंडांचं. तिथे भाऊजींनी आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. मी लिहून दिलेलं भाषण त्यांनी खिशातून काढलं, चष्मा सापडला नाही, परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मी पूल आणीन म्हणत नाई. पूल कोणी आणला नाई. पण नदीले पानी असताना बी तुमच्या इथी मंडप आला का नाई?"

"आला," एक म्हातारी म्हणाली. तिच्या नातीच्या लग्नात भाऊजींनी डोंग्यातून बांबू आणि पराती नेल्या होत्या. एक परात नदीत गेली होती, तिचे पैसेही त्यांनी कापले नव्हते.

"मंग बस," भाऊजी म्हणाले आणि खाली बसले.

लोक हसले आणि हसून झाल्यावर टाळ्या वाजवल्या. परत येताना भाऊजी टेम्पोत पुढे बसले होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "काय बे, मी बोललो ना?" माझ्या लेखनाचा तिथेच अंत झाला. पुढच्या सगळ्या गावांत त्यांनी तेच सांगितलं आणि प्रत्येक गावात कोणी ना कोणी निघायचं, ज्याच्या घरच्या कार्यात भाऊजींनी भर पावसात ताडपत्री धरली होती किंवा वरातीत बंद पडलेला जनरेटर चालू करून दिला होता.

मतदानाला चारपाच दिवस असताना आमदारांच्या प्रचाराला त्यांच्या पक्षाचे एक मोठे नेते आले. मंडपाचं काम अर्थातच भाऊजींना दिलं नव्हतं, नागपूरच्या माणसाला दिलं होतं. सकाळी सभा, आणि नागपूरच्या खुर्च्यांचा ट्रक वाटेत बिघडून उभा. मैदानावर मंडप तयार, स्टेज तयार, सोफा तयार, आणि खाली नुसती धूळ. सकाळीच तो स्वीय सहायक गोदामाच्या दारात आला. तो आत येईना.

"भाऊ," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच येत होतं. "खुर्च्या पाह्यजे होत्या."

मला वाटलं आता भाऊजी त्याला चार शब्द ऐकवतील. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "टेम्पो काढ."

"भाऊजी, अहो, आपण उभे आहोत त्यांच्याविरुद्ध!"

"उमेदवार मी पंधरा दिवसांचा आहो. बिछायत केंद्र बापाचं आहे. गिऱ्हाईक दारात आलं त माल द्याचा." मग सहायकाला म्हणाले, "दर मात्र सरकारी लागन."

तो कबूल झाला. खुर्च्या गेल्या. स्टिकर काढायला वेळच नव्हता आणि खरं म्हणजे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. लोक बसून होते तोपर्यंत कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. पण नेते स्टेजवर आले, सगळी सभा उठून स्टेजकडे धावली आणि स्टेजजवळचे फोटोवाले मागे जाऊन मैदानाचे फोटो घेऊ लागले. त्यांना मागून दिसत होत्या ओळीच्या ओळी खुर्च्या, प्रत्येक पाठीवर आमदारांचं नाव आणि नावाखाली एक टपोरी फुलकोबी.

नेत्यांनी भाषणात खुर्च्यांचं कौतुक केलं. मागून स्टेजकडे येताना त्यांना नाव दिसलं होतं, भाजी नीट दिसली नसावी. "इतना प्यार! हर कुर्सी पर नाम!" असं ते म्हणाले. आमदारांनी हात जोडले. आम्ही मैदानाच्या कडेला टेम्पोत बसून होतो. भाऊजींनीही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. बाजारात लोक एकमेकांना विचारू लागले की साहेबांचं चिन्ह बदललं का. आमदारांच्या गाड्या गावोगाव फिरून सांगू लागल्या की फुलकोबी आपली नाही, फुलकोबीला मत देऊ नका. म्हणजे शेवटचे दिवस आमच्या चिन्हाचा प्रचार तेच करत होते. भरारी पथकाचा गोड अधिकारी वही घेऊन गोदामात आला. त्याला कळत नव्हतं की त्या खुर्च्यांचा खर्च कोणाच्या नावावर धरायचा. भाऊजी म्हणाले, "साहेब, नाव एकच आहे. कुठीही लिहा." तो हसला नाही. दोन चहा पिऊन तो वरिष्ठांना विचारायला गेला.

निकालाच्या दिवशी भाऊजी इस्त्रीचा कुर्ता घालून मतमोजणीला गेले. आपण येणार नाही हे त्यांना माहीत होतं, असं ते आज म्हणतात. त्या दिवशी मात्र ताईला दारात औक्षणाचं ताट तयार ठेवायला त्यांनी ना म्हटलं नव्हतं. आमदार निवडून आले, पण अगदी काठावर. दुसरा पक्ष पडला. भाऊजी तिसरे आले. अनामत गेली, तरी तिसरे म्हणजे काही थोडं नाही. मोठमोठी चिन्हं त्यांच्या खाली होती.

संध्याकाळी पेढेवाले तिघे आले. डबा नव्हता. जाडा माणूस घामाघूम होता.

"भाऊ, हे काय केलं तुम्ही? त्याचे मतं खायाले सांगतलं होतं, तुम्ही आमचेच खाल्ले!"

त्यांनी गावागावांचे आकडे पाहिले होते. जंगलाकडची, नदीपलीकडची जी गावं पिढ्यानपिढ्या त्यांची, तिथेच फुलकोबी चालली होती. आमदारांना कधीच मत न देणाऱ्या लोकांनी यावेळी पेढेवाल्यांच्या पक्षालाही दिलं नव्हतं.

"तुम्हाले घरी बसा म्हटलं होतं ना?" दुसरा म्हणाला.

"बसलो असतो," भाऊजी म्हणाले. "पण लोकं ओळखीचे निघाले."

ते गेल्यावर आमदारांनी पाठवलेला हार आला. भाऊजींनी तो घातला नाही, खुंटीला लावला. मला वाटलं होतं ते खूश असतील. ते ओसरीत खुर्चीवर बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "यातले माझे किती आन् चुकून पडलेले किती, हे कोन सांगन?"

यावर आमचं घर अजून वाद घालतं. मी म्हणतो निम्मी मतं चुकून. ताई त्याहून जास्त म्हणते. भाऊजी सुरुवातीला सगळी आपलीच म्हणायचे, आता म्हणतात, चुकून मत देणाऱ्यांनीही बटण दाबताना मशीनवरचा फोटो पाहिला असेलच.

खुर्च्यांवरचे स्टिकर निघता निघाले नाहीत. पुढच्या लग्नसराईत नवरदेव-नवरीच्या मागे, तेरवीत, विहारात, सगळीकडे फुलकोबी होती. काही लोकांनी तक्रार केली, काही मागून नेऊ लागले.

दोनएक वर्षांनी नगर पंचायतीची निवडणूक लागली. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. वॉर्डातली माणसं घरी आली, दोन्ही पक्षांची मिळून, आणि भाऊजींनी सवयीने सगळ्यांना खुर्च्या पुसून दिल्या. ते ताईला उभं करा म्हणायला आले होते. "भाऊचं काम लोकांनी पाह्यलं," एक जण म्हणाला, "पण बाईच्या नावाची दुसरी कोनी या गावात नाई."

ताईने विचार करायला वेळ घेतला नाही. तिने दोनच अटी घातल्या. भाषण नवरा करणार नाही आणि चिन्ह भाजी नको. तिला शिलाई मशीन मिळालं. ती निवडून आली, चांगली आली.

पहिल्या सभेच्या दिवशी भाऊजी तिला मोटरसायकलवर सोडायला गेले आणि फाटकाबाहेर थांबले. मीही होतो. आत जाता येत नाही म्हणून ते खिडकीतून डोकावून पाहत होते. मी विचारलं काय दिसतं. ते म्हणाले, "खुर्च्या हलक्या आहेत, टिकायच्या नाईत." बऱ्याच वेळाने ताई बाहेर आली. पदर खोचलेला, चेहरा लाल.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"नालीचा विषय होता. आपल्या गल्लीचा पुढं ढकलून राह्यले होते. मी उठलीच नाई जागेवरून."

"मंग?"

"मंग काय, घेतला. चाला आता, मले भूक लागली."

भाऊजींनी गाडीला किक मारली.